पान लागलं, आणि पुढचे पाच तास

शिवारवाट (धागालेखिका)

गेल्या श्रावणात माझा पुतण्या गेला. अकरा वर्षांचा होता, सहावीत. वर्षभर यावर लिहायचं टाळलं. आता पुन्हा पाऊस लागलाय आणि गावात पुन्हा सगळे जमिनीवर अंथरूण टाकून झोपताहेत, म्हणून लिहिते.

रात्री अडीचला पोट दुखतंय म्हणून तो उठला. वहिनीने ओवा-मीठ दिलं. उलटी झाली. संध्याकाळी शेजारी बारसं होतं, तिथलं जेवण बाधलं असेल असं सगळ्यांना वाटलं. अंगावर सूज नाही, रक्त नाही, दाताची खूण नाही. थोड्या वेळाने घसा दुखतो म्हणाला, थुंकी गिळता येईना. साडेचारच्या सुमाराला म्हणाला, "आई, डोळे उघडत नाहीत." दादाला वाटलं झोप आली असेल. आमच्या म्हाताऱ्या काकू उठून आल्या, त्याच्या पापण्या पाहिल्या आणि म्हणाल्या, "याला पान लागलंय."

(शहरातल्या वाचकांसाठी: आमच्याकडे रात्री सापाचं नाव घेत नाहीत. साप म्हणजे जनावर, नाहीतर लांबडं. तो चावला म्हणजे पान लागलं.)

तिथून त्याला मारुतीच्या देवळात नेलं. लिंबाचा पाला चावायला दिला. कडू लागला नाही तर विष चढलं असं मानतात. त्याला चावताच येत नव्हतं. साडेपाचला गाडी शोधायला माणसं पळाली, सव्वासहाला जीप मिळाली. १०८ ला फोन करायचं कुणाला सुचलं नाही, आणि रेंज टेकडीवरच येते. पावणेसातला प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचलो. डॉक्टरांनी टॉर्च मारून डोळे पाहिले, चिठ्ठी लिहिली आणि म्हणाले, पुढे न्या. पाव तास तिथे गेला. लस दिली नाही. साडेसातला घाटात त्याचा श्वास थांबला.

दुसऱ्या दिवशी कणगीमागे मण्यार सापडला.

मी शाळेत गणित शिकवते. पुन्हा पुन्हा तेच मांडत बसते: घरात दोन तास, देवळात एक, गाडीसाठी पाऊण, रस्त्यात अर्धा, केंद्रात पाव, घाटात अर्धा. पाच तास. त्यातला कुठलाही एक तास वाचला असता तर, हा विचार सुटत नाही.

नंतर वाचायला लागले. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं मेली असा अंदाज आहे. वर्षाला सरासरी ५८ हजार. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले, आणि मेलेल्यांत चौथ्या हिश्शाहून जास्त पंधरा वर्षांखालची मुलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं. आमच्या गावात दुर्लक्ष म्हणजे काय ते मी वर लिहिलंय.

तुमच्या भागात काय परिस्थिती आहे? कुठे काही बदललंय का? ते सांगा.

---

नीलाई

वाचून हात थरथरले. ताई, सांभाळा.

---

सर्पसखा

शिवारवाट ताई, तुम्ही लिहिलेलं अक्षर न् अक्षर मण्याराचं आहे. मी चौदा वर्षं सर्पमित्र म्हणून काम करतो आणि ही कहाणी दरवर्षी ऐकतो. नाग चावला तर दुखतं, सुजतं, माणूस ओरडून उठतो. घोणस चावली तर पाय डोळ्यांदेखत फुगतो. मण्याराचे दात बारीक, विष न दुखणारं, आणि तो फिरतो रात्री. उंदीर, पाली, दुसरे साप शोधत घरात शिरतो. झोपेतल्या माणसाचा हात त्याच्यावर पडतो आणि तो चावतो. माणूस उठतो तो पोटदुखीने.

म्हणून प्रत्येक गावात एक गोष्ट पाठ व्हायला हवी: पावसाळ्यात जमिनीवर झोपलेलं माणूस रात्री पोटदुखी, उलटी, घसादुखी घेऊन उठलं आणि पापण्या मिटायला लागल्या, तर खूण दिसो न दिसो, मण्यार समजा आणि निघा.

अजून एक. मण्यार आणि कवड्या यांत लोक फार गफलत करतात. कवड्या बिनविषारी. त्याचे पट्टे मानेजवळ ठळक असतात आणि शेपटीकडे फिके होत जातात. मण्याराचं बहुधा उलट, मानेजवळ काही नाही आणि मागे पांढरे पट्टे जोडीजोडीने. पण हे ज्ञान साप लांबून बघताना वापरायचं. चावल्यावर साप ओळखत बसायचं नाही, मारून दवाखान्यात तर आणायचाच नाही. मेलेल्या सापाचं डोकंही चावू शकतं.

---

बाबुळबन

सगळं खरं, पण एक सांगू का? आमचे आजोबा पान लागलेल्याला औषध द्यायचे. पैसे घेत नव्हते. पंचक्रोशीतून माणसं यायची आणि बरी होऊन जायची. आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. सगळ्या भगतांना खोटं ठरवू नये.

---

सर्पसखा

दादा, तुमच्या आजोबांचा हेतू खोटा होता असं कुणी म्हणत नाही. पण चावणारे साप बहुतेक बिनविषारी असतात: धामण, दिवड, तस्कर, नानेटी. विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही, कोरडा चावाही असतो. ही सगळी माणसं काहीही न करता बरी होणारच असतात. त्यांचं श्रेय मुळीला जातं. उरलेली जी मरतात, त्यांच्यासाठी "उशीर केला", "नियम मोडला" असं म्हटलं जातं.

मी आमच्याकडच्या दोन भगतांशी बोललोय. एकजण आता नारळ फोडतो, अंगारा लावतो आणि त्याच गाडीत बसून दवाखान्यापर्यंत जातो. त्याचा मान राहतो, माणूस वाचतो. डहाणू तालुक्यात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मुंबईतल्या संस्थेने आदिवासी पाड्यांवर सर्पदंशाचं काम केलं, त्यातही डॉक्टर आणि आशाताईंच्या जोडीला भगतांना बरोबर घेतलं होतं. मला तो रस्ता पटतो. लोक रात्री ज्याचं दार ठोठावतात, त्याला आधी शिकवा.

---

आडगावचा_डॉक्टर

हे लिहू की नको, असा दोन दिवस विचार केला. मी प्राथमिक आरोग्य केंद्रात सहा वर्षं काढली. शिवारवाट ताई, तुमच्या पुतण्याला चिठ्ठी लिहून पुढे पाठवणारा डॉक्टर मी नव्हतो, पण पहिल्या वर्षी मीही दोन रुग्ण असेच पाठवले आहेत. त्यातला एक वाचला.

का पाठवतो ते सांगतो. समर्थन करत नाही. सर्पदंशाची लस, म्हणजे प्रतिसर्पविष, घोड्याच्या रक्तापासून बनते. ती दिल्यावर काही रुग्णांना तीव्र प्रतिक्रिया येते: अंगावर गांधी, थंडी, रक्तदाब कोसळणं, श्वास कोंडणं. एमबीबीएसला असताना आम्ही ती स्वतःच्या हाताने कधी दिलेली नसते. रात्री दोन वाजता केंद्रात मी, एक सिस्टर आणि बाहेर चाळीस माणसं. लस देऊन माणूस गेला तर मी मारला म्हणतील, पुढे पाठवून गेला तर सापाने मारला म्हणतील. एवढं साधं गणित त्या भीतीमागे असतं.

पुढे एका प्रशिक्षणात शिकलो की प्रतिक्रिया हाताळणं अवघड नाही. लस सुरू करण्याआधी अ‍ॅड्रिनलिन सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवायचं. मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या स्नायूत. अंगावर पहिली गांधी दिसली की लस थांबवायची, ते द्यायचं, सावरला की लस पुन्हा सुरू. आधी थोडी टोचून बघायची 'टेस्ट' करू नये, तिचा उपयोग नाही. त्यानंतर मी माझ्या केंद्रात लस दिल्याशिवाय एकही विषबाधा झालेला रुग्ण हलवला नाही.

मण्याराबद्दल मात्र खरं ते सांगायला हवं. त्याचं विष मज्जातंतूंच्या टोकांनाच इजा करतं. पापण्या मिटल्या, श्वास अडखळू लागला, की लस तो लकवा लगेच उलटवत नाही. तिथे माणूस वाचतो तो श्वासावर. अंबू पिशवी, म्हणजे हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी, तोंडावर धरून दाबत राहायचं, मोठ्या दवाखान्यात व्हेंटिलेटर मिळेपर्यंत. दोन तास, तीन तास. आम्ही एकदा नातेवाइकांना शिकवून आळीपाळीने दाबायला लावली होती. बाहेरून माणूस मेल्यासारखा दिसतो, बाहुल्या हलत नाहीत, पण हृदय चालू असेल तर तो काही दिवसांत उठून बसू शकतो. तुमच्या जीपमध्ये ती पिशवी आणि ती दाबणारं एक माणूस द्यायला हवं होतं. ते आमचं काम होतं.

---

शिवारवाट

डॉक्टर, वर्षभर मी त्या माणसाचा फक्त राग केला. तुम्ही लिहिलेलं तीनदा वाचलं. राग गेला असं म्हणणार नाही. पण आता निदान कुणाला काय विचारायचं ते कळलं.

---

कातळावरून

आमच्याकडे, रत्नागिरी-सिंधुदुर्गात, मण्यारापेक्षा फुरसं. वीतभर जनावर, कातळावरच्या दगडाखाली, गवतात, काजूच्या पालापाचोळ्यात. इंग्रजांच्या काळात रत्नागिरी जिल्ह्यात फुरशी मारून आणणाऱ्याला बक्षीस मिळायचं, इतकी त्रासदायक संख्या. चावलं की "फुरसंच आहे, काय होतंय" म्हणून माणसं हळद लावून बसतात. दुसऱ्या दिवशी हिरड्यांतून रक्त, लघवी लाल, मग धावपळ. फुरशाचा धोका सावकाश वाढतो, त्यामुळे वाचवायला वेळ मिळतो, आणि नेमका तोच वेळ आम्ही घालवतो.

विंचवाचं उदाहरण आमच्या भागाला माहीत आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन ही साधी गोळी वापरून दाखवली आणि ती खेड्यातला डॉक्टरही देऊ शकतो हे सिद्ध केलं. त्याआधी कोकणात विंचवाने मुलं मरायची. उपचार तालुक्यावरून गावात आला, तेव्हा मरणं कमी झाली. सापाच्या बाबतीत उपचार गावाजवळ येऊन पडलाय, पण फ्रीजमधून बाहेर निघत नाही.

---

पांढरा_डगला

मी सिस्टर आहे, ग्रामीण रुग्णालयात. कातळावरून यांनी रक्ताचं लिहिलं म्हणून सांगते. घोणस आणि फुरसं यांच्या विषाने रक्त गोठायचं बंद होतं, आणि ते तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग नळी तिरकी करायची. रक्त वाहिलं तर विष चढलंय, लस सुरू. गोठलं तरी निर्धास्त व्हायचं नाही, पुन्हा पुन्हा बघत राहायचं. नळी काचेचीच हवी. प्लॅस्टिकच्यात रक्त नीट गोठत नाही. साबणाने धुतलेल्या जुन्या बाटलीतही फसतं. आमच्याकडे आधी काचेच्या नळ्याच नसायच्या, त्यामुळे तपासणी चुकायची. काही रुपयांची वस्तू आहे. मागून मागून आता ट्रेमध्ये दहा असतात.

आणि आया विचारतात, पोर एवढंसं, त्याला कमी लस द्या ना. नाही. सापाने पोर बघून विष कमी सोडलेलं नसतं. मोठ्याला दहा बाटल्या तर पोरालाही दहाच.

---

आडगावचा_डॉक्टर

सिस्टरनी दहाचं लिहिलं, त्याचा हिशेब गणिताच्या बाईंसाठी. घोणस एका चाव्यात साधारण ६० मिलिग्रॅमच्या आसपास विष सोडते. आपल्या लसीचा १ मिली नागाचं किंवा घोणशीचं ०.६ मिलिग्रॅम, आणि मण्याराचं किंवा फुरशाचं ०.४५ मिलिग्रॅम विष निकामी करतो. बाटली १० मिलीची. म्हणजे दहा बाटल्यांत ६० मिलिग्रॅम. केंद्रात दोन-तीन बाटल्या ठेवून 'साठा आहे' असं लिहिण्याला अर्थ नाही.

---

मेलबर्नकर

इथे ऑस्ट्रेलियात मुलांना शाळेत शिकवतात की साप चावला तर अख्ख्या हातापायाला घट्ट क्रेप बँडेज गुंडाळायचं. आईला गावी तेच सांगू का? ती साताऱ्याजवळ एकटीच असते.

---

आडगावचा_डॉक्टर

नका सांगू. तिकडचे साप मुख्यतः नाग-मण्याराच्या कुळातले. आपल्याकडे घोणस आणि फुरसंही आहे, ज्यांच्या विषाने चावलेल्या जागचं मांस सडतं. तिथे आवळून विष कोंडलं तर पाय गमवावा लागू शकतो. कचकचून बांधलेल्या दोरीचं तर विचारूच नका, ती दवाखान्यात सोडताना रुग्ण कोसळलेले पाहिलेत.

आईला एवढंच सांगा: धावायचं नाही. अंगठी, बांगड्या, जोडवी काढायची. हात किंवा पाय मोडल्यावर फळीला बांधतो तसा सैल बांधून हलू द्यायचा नाही. कापायचं नाही, चोखायचं नाही, बर्फ नाही. १०८ लावा, येत नसेल तर जी गाडी मिळेल ती. मोटरसायकलवर नेलं तरी चालेल, रुग्ण मध्ये, मागे धरायला एकजण. आणि निघताना दवाखान्यात फोन: लस आहे का, डॉक्टर आहेत का.

---

वऱ्हाडी_वारा

आमच्याकडे घोणशीले परड म्हणतात. भाऊ, एक प्रश्न. लस देऊनही माणूस जाते, अशा केसेस आहेत. लस बोगस असते काय?

---

सर्पसखा

बोगस नाही, पण अपुरी पडू शकते. देशातली लस ज्या विषापासून बनते, त्यातलं बहुतांश तामिळनाडूतल्या इरुळा सर्पधारकांच्या सहकारी संस्थेतून येतं. १९७८ पासून हे लोक साप पकडून, विष काढून, परत सोडतात. त्यांच्यातले वडिवेल गोपाळ आणि मासी सदैयन यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. पण एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशाप्रमाणे बदलतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दाखवलंय. शिवाय लस चार सापांवरचीच: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. सह्याद्रीतल्या चापडा या विषारी सापावर तिचा उपयोग नाही. प्रत्येक भागातलं विष गोळा करून लस बनवावी अशी मागणी आहे, ती रास्त आहे. तोवर आहे ती लस, लवकर आणि पुरेशी, एवढंच हातात आहे.

---

कोपीतली

मी बीडची. आईवडील ऊसतोडीला जायचे, मीही बारावीपर्यंत गेले. सगळे पावसाळ्याचं बोलताय. उसाच्या फडात दिवाळीनंतरही घोणस असते, पाचटात दिसत नाही. बायका पहाटे अंधारात मोळ्या बांधतात. कोपीत जमिनीवरच झोपायचं, दार म्हणजे साडीचा पडदा. कारखान्याचं गाव परकं, दवाखाना कुठे ते माहीत नाही. माझ्या मावशीला घोणस चावली तेव्हा मुकादमाचा ट्रॅक्टर आधी ऊस खाली करून आला. ती वाचली, पण मूत्रपिंडं गेली होती, तीन महिने डायलिसिस. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटली नव्हती, ती वाढली.

आणि गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत सर्पदंशाने मृत्यू झाला तर दोन लाख मिळतात, पण सातबारा लागतो, नाहीतर खातेदाराच्या घरातलं माणूस हवं. आमच्याकडे जमीनच नव्हती. ज्याच्या हाताला सर्वात जास्त साप चावतो तो शेतमजूर त्यात बसत नाही. हे कुठेतरी लिहून ठेवावंसं वाटलं.

---

शिवारवाट

कोपीतली, लिहिलंस ते फार बरं केलंस. मावशी आता कशी आहे?

---

कोपीतली

बरी आहे ताई. फडात जात नाही. शेळ्या राखते.

---

हिरवळ

गमबूट वाटा असं सगळे म्हणतात. आम्ही एका संस्थेतर्फे वाटले. भातलावणीच्या चिखलात गमबूट रुतून बसतो, पाय निघतो आणि बूट राहतो. बायकांनी आठवड्यात टांगून ठेवले. गवत कापताना, रात्री पाणी द्यायला जाताना मात्र लोक वापरतात. पाणी द्यायचं म्हटलं की वीज रात्रीची, हा वेगळाच विषय. शेतीपंपाला दिवसा वीज दिली तर किती दंश टळतील याचा विचार आरोग्य खात्याने वीज खात्याशी बसून करायला हवा.

---

नीलाई

आता सर्पदंशाची नोंद सक्तीची झाली ना?

---

आडगावचा_डॉक्टर

केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आणला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे. नोव्हेंबरमध्ये सगळ्या राज्यांना पत्र गेलं की सर्पदंश हा नोंद करण्याजोगा आजार जाहीर करा. नोंद महत्त्वाची, कारण दवाखान्याच्या आकड्यांवर लस ठरते, आणि घरी, देवळात, घाटात मेलेला माणूस त्या आकड्यात नसतो. वर ५८ हजारांचा अंदाज आहे, तो घरोघरी जाऊन "माणूस कसा गेला" हे विचारल्यामुळे मिळाला.

---

शिवारवाट

सगळ्यांचं वाचलं. आम्ही काय केलं ते लिहिते.

केंद्रात आता नवीन डॉक्टर आहेत. पंधरवड्यापूर्वी मी आणि आशाताई गेलो. लस दाखवा म्हटलं. आधी थोडं ताणलं, मग फ्रीज उघडला. वीस बाटल्या, मुदत पुढच्या वर्षाची. अंबू पिशवी आहे का विचारलं. मोठ्यांची होती, मुलांची नव्हती. मागणीपत्र त्यांनी आमच्यासमोर लिहिलं. काल फोन आला, पिशवी आली.

शाळेच्या भिंतीवर तीन जीपवाल्यांचे नंबर, केंद्राचा नंबर आणि सर्पसखा यांनी लिहिलेलं मण्याराचं वाक्य मोठ्या अक्षरांत रंगवलं. टेकडीवर रेंज कुठे येते तिथे चुन्याने फुली मारली. कणगी घराबाहेरच्या सोप्यात नेली. बायकांच्या बचत गटाने मच्छरदाण्या घेतल्या, बत्तीस. सगळ्यांकडे खाटा नाहीत. जमिनीवरच मच्छरदाणी लावली तर चालेल का, हे विचारायचं राहिलं होतं.

---

पांढरा_डगला

चालेल. अंधार पडायच्या आत लावा, आधी अंथरूण झाडून घ्या, आणि चारही कडा गादीखाली किंवा चटईखाली खोचा. नुसती लोंबती ठेवू नका. रात्री मूल उठून बाहेर जाऊन आलं की परत खोचायची. टॉर्च आत, उशाशी.

---

शिवारवाट

सांगते. वहिनी तशीही रात्रीतून दोनदा उठून धाकटीची बघते.